खातूनबीची पहिली नजर

डिचोलीच्या बाजारात, मासळीची बाजू संपून कापडवाल्यांची ओळ सुरू होते तिथं, काकणांचं एक दुकान आहे. आता त्याच्या अर्ध्या भिंतीवर मोबाईलची कव्हरं टांगलेली असतात आणि उरलेल्या अर्ध्या भिंतीवर बांगड्या. घराच्या कागदांवर सही करायला गेल्या मार्गशीर्षात डिचोलीला गेले होते. काम दहा मिनिटांत झालं, फोंड्याच्या बसला तास होता, आणि माझे पाय कुठं वळले ते मला दुकानासमोर उभी राहिल्यावर कळलं. आत एक चाळिशीची बाई बसली होती. वास मात्र तोच होता. बांगड्यांच्या खोक्यातलं वाळलं गवत, जुनी वर्तमानपत्रं, अंगाचा साबण आणि खोबरेल. नाक मेलं काही विसरत नाही. मी त्या दुकानासमोरून मान खाली घालून जायची सवय कैक वर्षं सांभाळली होती, ती त्या वासानं एका क्षणात मोडली.

हे दुकान खातूनबीचं. खातूनबी म्हणजे आमच्या गावच्या सगळ्या बायकांना बांगड्या भरणारी. मुलगी पाच वर्षांची झाली की तिचा हात पहिल्यांदा खातूनबीच्या हातात जायचा, आणि लग्नाचा हिरवा चुडाही तीच भरायची. बाजाराच्या दिवशी ती दुकानात असायची, इतर दिवशी डोक्यावर टोपली घेऊन मये, नार्वे अशा गावांतून फिरायची. खनिजाच्या ट्रकांनी रस्ता लाल करून टाकलेला, तिची पांढरी ओढणी संध्याकाळी परत येताना विटेच्या रंगाची झालेली असायची. ती हात धरायची, अंगठ्याखालचं हाड दोन बोटांनी दाबायची, आणि न बघता माप सांगायची, "दोन-सहा." मग साबणाचा फेस, तळहाताची घडी, इकडतिकडच्या गप्पा, आणि गप्पांच्या नादात बांगडी मनगटावर. तिच्याकडे कधी कुणाच्या हाताला काच लागलेली मला आठवत नाही. माणसं ती चेहऱ्यानं नाही, हातानं ओळखायची. "ती गो, दोन-चार, गरम हाताची," असं म्हणायची, आणि आम्हांला ती कोण हे कळायला वेळ लागायचा.

आई आजारी आहे हे घरात सगळ्यांत आधी कुणाला कळलं असेल तर ते खातूनबीला. चतुर्थीच्या आधी आम्ही दोघी बांगड्या भरायला गेलो होतो. तिनं आईचा हात दाबला आणि गप्पा थांबवल्या.

"वैनी, हात उतरलो तुझो," ती म्हणाली. "गेल्या वर्साक दोन-सहा होतो. आता दोन-चार पन सैल."

"काम पडतां गो," आई म्हणाली.

"कामान हात उतरणत नाय. मास्तरांक सांग, डाक्टराक दाखव."

मास्तर म्हणजे माझे वडील. ते मराठी शाळेत शिकवायचे. डॉक्टरांनी काळजाचं दुखणं सांगितलं. औषधं सुरू झाली, जिने चढायचे नाहीत, जड उचलायचं नाही, आणि चुलीपुढच्या आईला सोप्यावरच्या बांकावर बसवण्यात आलं. मी तेव्हा वीस वर्षांची होते. घर माझ्या हातात आलं आणि मला ते मुळीच आवडलं नाही. भाकरी करपली की मी आईवर चिडायची, आणि मग स्वतःवर. आई बांकावरून जनेलाच्या गजांतून बाहेरच्या फणसाकडे बघत बसायची. हाक मारली तरी एकदम ओ देत नसे.

पुढचं वर्ष गोवा राज्य झालं ते. त्याआधीचं सगळं वर्ष भाषेच्या भांडणात गेलेलं. भिंतींवर चुन्यानं आणि डांबरानं लिहिलेल्या घोषणा अजून ओल्या वाटाव्यात इतक्या ताज्या होत्या. आमच्या घराच्या एका बाजूला बाबा, मराठीसाठी सभा गाजवणारे, आणि कुंपणापलीकडे शालूवैनीचे यजमान, कोकणीसाठी मोर्चात जाणारे. गंमत अशी की दोघे एकमेकांना शिव्या घालायचे त्या एकाच भाषेत, आणि ती भाषा कुठली हे त्या दोघांनाच सांगता आलं नसतं. बायकांनी ते भांडण कुंपणावरून आमटीच्या वाट्या देता-घेता ऐकलं आणि सोडून दिलं.

त्याच उन्हाळ्यात बातमी आली की खातूनबी आणि तिचा नवरा इस्माईलभाय हजला निघालेत. पावसाळ्यात मुंबईहून बोट. आमच्या आळीतून मक्केला जाणारी ती पहिलीच बाई. इस्माईलभाय अबोल माणूस, छत्र्या दुरुस्त करायचा. त्याला काही विचारलं तर तो बायकोकडे बघायचा. त्यामुळे सगळ्या चौकशा खातूनबीपाशी. तिनं एकदा दुकानात सहज सांगितलं की काबा पहिल्यांदा नजरेस पडतो ना, त्या पहिल्या नजरेला जी दुवा मागावी ती कबूल होते, असं म्हणतात. पापणी लवायच्या आत मागायचं.

बस्स. दुसऱ्या दिवसापासून दुकानात रीघ लागली. बांगड्या भरायला आलेली प्रत्येक बाई वाकून तिच्या कानाशी लागायची. देव कुणाचा, नजर कुणाची, असला प्रश्न एकीलाही पडला नाही. चांगली ओळखीची बाई इतक्या लांब चालली आहे, तर आपलंही एक काम सांगावं, इतका तो साधा हिशेब होता.

"बाय, माका लिवक येणा नाय," खातूनबी मला म्हणाली. "तू लिवन घे. मगे माका वाचून दाखव. मी पाठ करतंय."

अशी मी आळीच्या इच्छांची कारकून झाले. शाळेच्या उरलेल्या पानांची एक वही शिवली. दुपारी आईला औषध देऊन, भांडी आवरून दुकानात जाऊन बसायचं. बायका आधी माझ्याकडे बघून लाजायच्या, मग सांगायच्या. शालूवैनीला थोरल्या लेकीचं लग्न जमायला हवं होतं. एकीच्या मुलाला खाणीवर कायम करून घ्यायचं होतं. एकीला सासूचा आवाज थोडा खाली यायला हवा होता, सासू जाऊ नये, फक्त आवाज. पोदेराची बायको, रोज सकाळी पावाचे उंडे घेऊन येणारी ख्रिस्ती बाई, तिनं आखातात गेलेल्या नवऱ्याचं पत्र मागितलं. एका म्हातारीनं म्हैस मागितली. बाबा वर्तमानपत्रामागून म्हणाले, "मराठीचं तेवढं बघ म्हणावं," आणि हे कुंपणापलीकडे पोचल्यावर तिकडून कोकणीचाही अर्ज आला. खातूनबी हसून हसून बेजार झाली. म्हणाली, "दोघांचांय लिव. तो बघून घेयत."

आईला विचारलं तर ती म्हणाली, "माझां काय लिवू नको."

"कित्याक?"

"तिच्या डोक्यार किती वझां घालशात? ती थंय जाता ती काय बाजार करूक जाता?"

आईचं हे असंच असायचं. मला राग आला. तिच्यापाठी मीच वहीत सगळ्यांत वर, जाड अक्षरांत लिहिलं, 'आई बरी होऊ दे.' आणि खातूनबीला बजावलं की हे पहिलं. बाकीचं राहिलं तरी चालेल. तिनं माझ्या डोक्यावर हात ठेवला आणि म्हणाली, "पयलां ह्यां. काळजी करू नको."

तिची पाठ करायची रीत मला अजून आठवते. ती डोळे मिटायची आणि नावं नाही, हात म्हणायची. दोन-सहा, मऊ हात, लेकीचं लग्न. दोन-आठ, खरखरीत, खाणीवरची नोकरी. दोन-दोन, बारीक हाडाची, सासूचा आवाज. आईची पाळी आली की ती बोटानं हवेत एक लहान वर्तुळ काढायची, उतरत्या हाताचं माप, आणि पुढं जायची. एकदाही चुकली नाही. दुकानामागच्या खोलीत मशिदीतले म्हातारे मौलवी इस्माईलभायला तिथं म्हणायचे शब्द शिकवत असत. त्यांचा अर्थ 'हजर आहे, मी हजर आहे' असा होतो हे तिनं सांगितलं तेव्हा बाबांना फार आवडलं. त्यांच्या वर्गात पोरं हजेरीला तसंच म्हणायची. त्या आठवड्यात आळीतली सगळी मुलं ते शब्द म्हणत लगोरी खेळत होती. कुणी त्यांना गप्प केलं नाही.

निघायच्या दिवशी मुंबईच्या बसजवळ इतकी माणसं जमली की कंडक्टरला वाटलं वरात आहे. खातूनबीनं नवा पांढरा पोशाख घातला होता. ती एकेका बाईपाशी गेली आणि काही चुकलं-माकलं असेल तर माफ करा म्हणाली. ती त्यांची रीतच आहे, सगळ्यांशी मन स्वच्छ करून निघायचं. आई हट्टानं आली होती, वाटेत तीनदा टेकत. ती आणि खातूनबी बसच्या मागच्या बाजूला उभ्या राहून काही बोलल्या. मी इस्माईलभायच्या ट्रंकेला दोरी बांधत होते. मग बस सुटली, आणि मी घरी परत येताना आईचा दंड धरून मनात एकच म्हणत राहिले, पहिलं ते माग, पहिलं ते माग.

त्यानंतरचे दिवस मी काढले ते त्या नजरेच्या भरवशावर. आज बोट सुटली असेल, आज समुद्रात असेल, आज उतरली असेल. शाळेच्या नकाशात बाबांनी मला जेद्दा दाखवलं होतं, मी बोटानं अंतर मोजायची. एका सकाळी आई जरा जास्त जेवली तर मी ठरवून टाकलं की झालं, आज नजर पडली. स्वयंपाकघरात एकटीच नाचले होते, हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही.

आई श्रावणातल्या एका दुपारी गेली. मी तिच्याजवळ होते.

त्या वर्षी आमच्याकडे चतुर्थी नव्हती. गणपतीवर फळं टांगायच्या माटोळीची लाकडं माळ्यावरच राहिली. आळीत घुमटं वाजत होती, पातोळ्यांच्या हळदीच्या पानांचा वास कुंपणावरून येत होता, आणि मी सगळी दारं लावून तांदूळ निवडत बसले होते. निवडलेले तांदूळ पुन्हा निवडत होते.

पितृपक्ष लागला होता तेव्हा खातूनबी परतली. सकाळची अकराची वेळ. बसमधून उतरून ती घरी गेलीच नाही, इस्माईलभायला ट्रंकांसह पुढं पाठवून सरळ आमच्या पायऱ्यांशी आली. उन्हानं काळी झाली होती, बारीक झाली होती, आणि तिच्या चेहऱ्यावर असं काही होतं की मी दारातच थांबले. त्याला काय म्हणायचं मला तेव्हाही कळलं नाही. एका हातात मक्केच्या पाण्याचा लहान डबा, दुसऱ्या हातात खजुराची पुडी.

"वैनी!" तिनं हाक मारली. तिला कुणी सांगितलं नव्हतं.

बाबा बांकावरून उठले आणि आत निघून गेले. तिनं रिकाम्या बांकाकडे पाहिलं, मग माझ्याकडे. डबा तिनं पायरीवर ठेवला. मला तिला जवळ घ्यायला हवं होतं किंवा तिनं मला. त्याऐवजी मी विचारलं, "पयल्या नजरेक मागलंस मा?"

ती हो म्हणाली असती तर? कोण बघायला गेलं होतं? आळीतल्या सतरा बायकांना ती 'हो, मागितलं' म्हणाली असती तर सतरा बायका सुखानं झोपल्या असत्या. पण ती खातूनबी होती.

"नाय गो बाय," ती म्हणाली. "मी इसारलंय. सगळांच इसारलंय. मगे आठवला तेव्हा मागलंय, रोज मागलंय, अराफातच्या माळार उन्हात उभी रवान तुझ्या आवशीसाठी मागलंय. पन पयल्या नजरेक नाय."

मी मनातल्या मनात दिवस लावले. बकरी ईदच्या आदल्या दिवशी ती त्या माळावर उभी राहून आईचं आयुष्य मागत होती तेव्हा आई जाऊन दोन दिवस झाले होते. आणि मी तोंडातून ते वाक्य काढलं.

"तू इसारलंस म्हणान आई गेली."

दार मी लावलं. पाण्याचा डबा पायरीवर राहिला. संध्याकाळी बाबांनी तो उचलून आत आणला आणि आईच्या तसबिरीखाली ठेवला. त्यांनी मला रागावायला हवं होतं. ते रागावले नाहीत, आणि मी त्याचा अर्थ मला सोयीचा तो घेतला.

पुढच्या आठवड्यात खातूनबी दारोदार फिरली. प्रत्येकीच्या हातावर दोन खजूर ठेवून प्रत्येकीला तिनं तेच सांगितलं. शालूवैनी हसली आणि म्हणाली, मरू दे, तू आलीस ना धड. म्हैसवाली म्हातारी मात्र संतापली. एकीनं विचारलं, मग एवढ्या लांब गेलीस ती कशाला? खाणीवाल्याची आई बांगड्या भरायला दुसरीकडे जाऊ लागली. आळीत काही दिवस तोच विषय. इतकं साधं पाठांतर विसरली, म्हणजे काय ते. सगळ्याजणी वहीतली गोष्ट विचारत होत्या. ती तिथं उभी असताना काय झालं, हे विचारावं असं आमच्यातल्या एकीलाही सुचलं नाही.

दुसऱ्या वर्षी माझं लग्न ठरलं. चुडा भरायला मी खातूनबीला बोलवू दिलं नाही. मामानं म्हापशाहून बांगड्यावाला आणला. तो घाईचा माणूस, त्यानं माझ्या हाताला दोन ठिकाणी काच लावली. शालूवैनी मला बाजूला घेऊन म्हणाली, "असां करू नये गो. ती सकाळपासून दुकान बंद करून बसली हा, बोलवणां येयत म्हणान." मी ऐकलं नाही. अंगात आग होती, आणि ती ओतायला माझ्यापाशी दुसरं कुणी नव्हतं. फोंड्याला सासरी गेले, मुलं झाली, शाळेत नोकरी केली, निवृत्त झाले. डिचोलीला येणं व्हायचं, त्या रस्त्यानं जाणं व्हायचं, आणि दुकान आलं की मी साडीचा पदर नीट करायची किंवा रस्त्याच्या पलीकडे काही बघायची.

फोंड्याला देवळांना काय कमी. मी सगळीकडे जाते. हात जोडते आणि लगेच सुरू होते, धाकट्याची बदली, सुनेची तब्येत, ह्यांचा गुडघा. गाभाऱ्यात दिवा तेवत असतो, समईच्या उजेडात मुखवटा हलल्यासारखा दिसतो, फुलांचा आणि तेलाचा वास दाटलेला असतो, आणि मी माझे अर्ज सादर करून प्रसाद घेऊन बाहेर येते. एकदा बाहेर आल्यावर नातीनं विचारलं, आजी, आज देवीची साडी कुठल्या रंगाची होती? मला सांगता येईना. मी पाच मिनिटं समोर उभी होते. त्या दिवसापासून खातूनबी माझ्या मनात पुन्हा यायला लागली, हे खरं.

तर मार्गशीर्षातल्या त्या सकाळी दुकानातली बाई मला म्हणाली, "काय दाखवू?" मी म्हटलं, "खातूनबी…" आणि पुढं काय विचारायचं ते जिभेवर येईना. असतील का, हे असं विचारतात का?

"बी आत हा," ती म्हणाली. ती तिची सून, नसीम. "दोळ्यांक कमी दिसतां, पन कान खणखणीत. या."

मागची खोली. मौलवी शिकवायचे तीच. जनेलाशी खाट, खाटेवर एवढीशी झालेली खातूनबी, पांढरी ओढणी. नसीमनं स्टूल दिलं आणि ती गिऱ्हाइकाकडे गेली. मी काही बोलायच्या आधी म्हातारीनं हात पुढं केला. मी माझा दिला. तिनं अंगठ्याखालचं हाड दाबलं, पुन्हा दाबलं.

"शालूवैनी?" ती म्हणाली.

माझ्या सांध्यांना संधिवातानं सूज आहे. तिला हात ओळखता आला नाही, आणि ते मला इतकं लागलं की मला वाटलं उठून जावं.

"मास्तरांची बाय," मी म्हटलं.

तिनं हात सोडला नाही.  बाहेर नसीम कुणाला तरी कव्हरांचे रंग दाखवत होती.

"मी तेव्हा बोललंय तां…" मी सुरुवात केली. "बी, मी चुकलंय."

"लागलेलां माका," ती म्हणाली. आवाजात राग नव्हता, पण तिनं ते गुळमुळीतही केलं नाही. "खूप लागलेलां. तुका वीस वर्सां, आवस गेलेली, तां माका कळत होतां. पन लागलेलां. चुडो भरूक बोलावूक नाय, तां त्याच्यावर."

मी मान हलवली. मग तिला दिसत नाही हे लक्षात आलं आणि म्हटलं, "होय." तिनं माझा हात थोपटला. पुढचं माझ्या तोंडून कसं आलं ठाऊक नाही. कदाचित नातीच्या त्या प्रश्नामुळे.

"बी, थंय तू काय बघलंस?"

तिचा हात थांबला.

"आजपावत माका ह्यां कोणी इचारूक नाय," ती म्हणाली. "काय मागलंस, काय हाडलंस, गर्दी किती होती. माझ्या पोटच्या झिलान पन इचारूक नाय." मग म्हणाली, "तुझ्या आवशीन तेवढां सांगलेलां. बसीच्या फाटल्यान. म्हणाली, माझ्या नावान कायच मागू नको. माझ्या नावान नुसता बघ. आनि येवन माका सांग कसां होतां तां."

मला त्या सकाळच्या पायऱ्या दिसल्या. ती घरी न जाता सरळ आली होती. पाणी द्यायला नव्हे. तिच्या चेहऱ्यावर जे होतं ते ती आईला सांगायला घेऊन आली होती, आणि दारात मी होते.

"माका सांग," मी म्हटलं.

तिनं डोळे मिटले, पूर्वी पाठ म्हणताना मिटायची तसे.

"जाणकार माणूस पुढे होतो. तो म्हणालो, मान खाली, मी सांगीपर्यंत वर बघू नकात. पायाखाली थंडगार फरशी. मी तुमचां सगळां पाठ म्हणत होतंय, आवशीचां पयलां. मगे तो म्हणालो, आता. मी मान वर केलंय."  "क्यालेंडरात जल्मभर बघलेलां, बाय. माका वाटलेलां ओळखीचां दिसतलां. नाय. एक घर. जनेल नाय, काय नाय. इतक्या सादां. आनि भोवतीन माणसां चलतत, चलतत. कोण रडत होतां, कोण आरडत होतां. माका आयकूक येईना. दुवेक हात वर केलंय तर हात रिते. जल्मभर माझ्या हातात कोणाचो तरी हात. तेव्हा कोणाचोच नाय. आनि माका कोणाची याद येवक नाय. घोव बाजूक होतो, तो नाय. पोरां नाय. तुझी आवस नाय. मी पन नव्हतंय थंय. किती वेळ, तां माका सांगूक येणा नाय."

 मला वाटलं संपलं. पण तिनं माझा हात घट्ट धरला.

"आनि इतक्या बरां वाटलां, इतक्या बरां वाटलां, की मागीर माका भियां दिसलां. आपल्या माणसांबगर इतक्या बरां वाटता काय कोणाक? ह्यां मौलवींका इचारूक माका लाज दिसली. वैनीक इचारूचां होतां. ती शाणी होती. वाटता काय गो, बाय, असां?"

हा प्रश्न तिनं किती वर्षं जपून ठेवला होता, आणि ज्या बाईसाठी जपला होता तिच्या जागी मी बसले होते, शहाणपणात तिच्या पासंगालाही न पुरणारी. मी काहीतरी समजुतीचं बोलणार होते. पण मला श्रावणातली ती दुपार दिसली, जी मी नवऱ्याला सांगितली नाही, बाबांनाही सांगितली नाही.

"वाटता," मी म्हटलं. "आईक वाटलेलां. शेवटच्या दिसा. मी तिच्या मुखार होतंय, हात धरून. सारकी हाका मारत होतंय. तिना माझ्याकडे बघूक नाय, बी. जनेलातसून भायर बघत होती. आनि तोंड असां फुललेलां. कोणाचीच याद नसल्यासारख्यां. माझी पन नाय."

हे बोलताना मला ऐकू आलं की इतकी वर्षं मी कुणावर रागावले होते. खातूनबीवर नाही, माझ्याकडे न बघता गेलेल्या आईवर.

खातूनबीनं जनेलाकडे तोंड वळवलं. तिला त्यातून काय दिसत होतं देव जाणे.

"मगे तिका म्हायत झालां, कसां होतां तां," ती म्हणाली. "मी सांगूची गरज रवली नाय."

फोंड्याची बस चुकली. मी खाटेच्या काठावर डोकं टेकलं आणि आईसाठी रडले, आई गेली त्या दिवशी रडायला हवं होतं तशी, आणि खातूनबीनं मला मध्येच गप्प केलं नाही.